पचनाची रोजनिशी

परीक्षेच्या दिवशी मुलांच्या पोटात गोळा येतो, घरात भांडण झाले की खाल्लेले अंगी लागत नाही, हे आपणा शिक्षकांना कोणी नव्याने सांगायला नको. चरकसंहितेने ही गोष्ट नियम म्हणून मांडली आहे. विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात पोटाचे तीन वाटे कल्पिले आहेत : एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वात-पित्त-कफांसाठी मोकळा. पुढे म्हटले आहे, की पथ्याचे अन्न बेताने खाल्ले तरी चिंता, शोक, भय, क्रोध वा जागरण असेल तर ते पचत नाही. मात्र हे कोणत्या रोग्यांवरून, किती दिवस पाहून ठरवले, ते ग्रंथात नाही. निष्कर्ष आपल्यापर्यंत आला, टिपणे आली नाहीत.

अशी टिपणे सापडतात ती फार दूर, अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर घडलेल्या एका अपघातामुळे. ६ जून १८२२ रोजी तेथील फर-कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक उडाली. अलेक्सिस सेंट मार्टिन हा नावाडी जबर जखमी झाला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांच्या उपचारांनी तो वाचला, पण जठरात उघडणारे भोक कायमचे राहिले.

१ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी १२ वाजता बोमाँटनी रेशमी दोऱ्याला मांसाचे काही तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून त्या भोकातून आत सोडला. १ वाजता दोरा ओढून पाहिला. कोबी आणि पाव निम्मे विरघळले होते, मांस जसेच्या तसे होते. २ वाजता उकडलेले मांसही दोऱ्यावरून नाहीसे झाले होते. तारीख, वेळ, पदार्थ, सारे वहीत उतरले. १८३३ साली असे २३८ प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. भीती किंवा राग आला की जठराचे अस्तर कधी लाल व कोरडे, तर कधी फिकट व ओलसर होते, रागात जठरात पित्तही दिसते, अशी नोंद त्यात आहे. हे पित्त म्हणजे यकृतातला रस. आयुर्वेदातले पित्त याहून व्यापक कल्पना आहे. दोहोंची सांगड घालून ‘आमच्याकडे हे आधीच होते’ म्हणण्याचा मोह टाळलेला बरा.

ज्याच्या रागाची नोंद झाली, त्याला मात्र लिहिता येत नव्हते. १८३२ च्या करारावर त्याने फुली मारली : वर्षाला १५० डॉलर आणि राहणे-खाणे. १८८० साली तो वारला, तेव्हा डॉक्टरांनी शरीर मागू नये म्हणून घरच्यांनी ते कुजेपर्यंत ठेवले आणि खोल पुरले.

आज पोटाच्या जुनाट तक्रारीसाठी डॉक्टर रोग्यालाच रोजनिशी ठेवायला सांगतात : काय खाल्ले, केव्हा, मन कसे होते, पोट कसे राहिले. येथे ज्याचे पोट, त्याचीच वही. नोंद लगेच करावी. रात्री आठवून लिहिले की पोट बिघडल्यावरच सकाळची चिडचिड आठवते. बरे दिवसही लिहावेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? शिवाय वहीत दोन गोष्टी शेजारी आल्या म्हणून कारण सापडले असे नव्हे. मेंदू व आतडी यांच्यात संदेश दोन्ही बाजूंनी जातात. पोट बिघडल्यामुळेही माणूस चिडतो.

वर्गात हा प्रयोग पंधरा दिवस सहज होईल. फक्त वह्या तपासायला मागू नयेत, की मोठ्याने वाचायला लावू नयेत.