न चालवता घेतलेली परीक्षा : भोर घाटाच्या दोन टोकांचा एक शास्त्रीय इतिहास

संगणकाचा प्रोग्राम प्रत्यक्ष न चालवता, केवळ त्याचा मजकूर तपासून त्यातले प्रत्येक फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करून एक मूल्य परत देणारा घटक, कोणती मूल्ये देऊ शकेल हे आधीच सांगण्याच्या विद्येला स्टॅटिक ॲनालिसिस म्हणतात. ही विद्या जन्माला येण्यापूर्वीच तिची मर्यादा सिद्ध झालेली होती, ही तिच्या इतिहासातील विलक्षण गोष्ट आहे. दिलेला प्रोग्राम कधीतरी थांबेल की नाही हे सर्व प्रोग्रामांबाबत अचूक सांगणारी रीत असू शकत नाही, असे ॲलन ट्यूरिंगने १९३६ साली दाखवले आणि हेन्री राइसने १९५३ साली तोच निष्कर्ष प्रोग्रामच्या वर्तनाविषयीच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला लागू केला. तेव्हा अचूक उत्तराचा आग्रह सोडून, चुकायचेच असेल तर कोणत्या बाजूला चुकावे हे ठरवणे एवढेच अभ्यासकांच्या हाती उरले.

या निवडीचे स्वरूप मावळात एका जुन्या व्यवस्थेत पाहायला मिळते. खंडाळ्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या, १८६३ साली खुल्या झालेल्या भोर घाटाच्या रेल्वेमार्गाचा तीव्रतम उतार दर ३७ फुटांमागे एक फूट इतका आहे. तेथील कॅच सायडिंगचे, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणाऱ्या आडमार्गाचे, सांधे एरवी त्या आडमार्गाकडेच लावलेले असतात आणि उतरणारी गाडी थांबून ती ताब्यात असल्याचे दिसले की मगच तिला मुख्य मार्ग मोकळा होतो. गाडी सुटलेली असू शकते असे आधीच गृहीत धरल्यामुळे अपघात टळतो खरा, परंतु ब्रेक उत्तम असलेल्या प्रत्येक गाडीलाही थांबण्याचा भुर्दंड पडतो. स्टॅटिक ॲनालिसिसमध्ये या भुर्दंडाला खोटा इशारा म्हणतात, आणि घाटाच्या दोन्ही टोकांना, पवईत आणि पुण्यात, झालेल्या कामाचा बराच भाग हा भुर्दंड कमी करण्यात खर्ची पडलेला आहे.

पद्धतीचा पाया परदेशात घातला गेला. गॅरी किल्डॉलने १९७३ साली प्रोग्रामच्या प्रत्येक बिंदूपाशी उपलब्ध असलेली माहिती वाटावाटांनी पुढे सरकवत, ती बदलेनाशी होईपर्यंत गणित करण्याची रीत मांडली आणि १९७७ साली पॅट्रिक व राधिया कूझो या दांपत्याने नेमक्या मूल्यांऐवजी त्यांच्या कक्षांवर गणित करण्याला काटेकोर सैद्धांतिक बैठक दिली. समजा, एखादे फंक्शन −५ ते ५ यांमधील पूर्णांक घेते, त्याचा वर्ग करते, त्यात १ मिळवते आणि येणाऱ्या बेरजेने १०० ला भागून भागाकार परत देते. भाजक १ ते २६ यांमध्येच राहणार हे शाळकरी मुलालाही कळते. कक्षांच्या साध्या गणितात मात्र गुणाकारातील दोन्ही संख्या एकच आहेत याची नोंद राहत नाही, त्यामुळे −५ गुणिले ५ ही अशक्य जोडीही धरली जाऊन वर्गाची कक्षा −२५ ते २५ आणि भाजकाची −२४ ते २६ ठरते, तिच्यात शून्य सापडते आणि शून्याने भागाकार होण्याचा इशारा निघतो. संख्यांमधील परस्परसंबंध लक्षात ठेवले तर हा इशारा टळतो, परंतु लाखो ओळींच्या प्रोग्रामात असे सर्व संबंध सांभाळायला लागणारा वेळ आणि स्मृती परवडत नाही.

पवईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे आणि त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी गणिताला पडणाऱ्या श्रमाच्या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. प्रोग्राममधील पुनरुक्त आकडेमोड काढून टाकण्यासाठी मोरेल आणि रेन्व्हाझ यांनी १९७९ साली सुचवलेल्या पद्धतीत माहिती मागून पुढे आणि पुढून मागे अशी दोन्ही दिशांनी वाहते, आणि अशा प्रवाहाच्या गणिताला किती श्रम पडतील याचे समाधानकारक स्पष्टीकरण तोवर नव्हते. ढमढेरे व खेडकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एकदिश आणि द्विदिश प्रवाहांना एकाच सिद्धांतात बसवले. पुढे पुणे विद्यापीठात अध्यापन करून पवईला परतलेल्या खेडकरांनी अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह २००९ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. फंक्शन दुसऱ्या फंक्शनला बोलावते तेव्हा काय करावे, हा या क्षेत्रातील सर्वांत अवघड प्रश्न त्यात विस्ताराने येतो : एक तर प्रत्येक फंक्शनचा सारांश, म्हणजे ‘असे दिले तर असे परत येते’ हा नियम, आधीच काढून ठेवायचा, नाहीतर कोणी कोणाला बोलावले याची साखळी जपत पुढे जायचे. पहिल्यात सारांश काढणेच कधीकधी अशक्य होते आणि दुसऱ्यात साखळ्या अतोनात वाढतात.

घाटमाथ्यापलीकडे पुण्यात गरज निराळी होती. टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ही संस्था १९८१ साली ई. सी. सुब्बराव यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. झुरिकमध्ये पास्कल भाषेच्या कंपायलरवर, म्हणजे प्रोग्राम यंत्राला कळणाऱ्या भाषेत उतरवणाऱ्या साधनावर, काम केलेले केशव नोरी यांच्यामुळे भाषा व कंपायलर यांचा अभ्यास तेथे रुजला, आणि सैद्धांतिक संगणकशास्त्राची राष्ट्रीय परिषद १९८७ व १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षे पुण्यात भरली. विद्यापीठातील संशोधकाला शंभर ओळींचे उदाहरण पुरते, उद्योगाला मात्र वाहने व यंत्रे चालवणारा सबंध प्रोग्राम तपासून हवा असतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते पुण्याच्या कामाचे वेगळेपण याच सक्तीतून आले. तेथे घडलेले टीसीएस एम्बेडेड कोड ॲनालायझर हे साधन शून्याने भागाकार, ॲरेच्या, म्हणजे मूल्यांच्या क्रमवार मांडणीच्या, हद्दीबाहेर जाणे यांसारखे दोष शोधते. त्याच्या वापरातून इशाऱ्यांचा ढीग निवडण्याचे कंटाळवाणे मानवी काम हाच संशोधनाचा विषय झाला, आणि २०१३ साली मांडलेल्या एका पद्धतीत इशाऱ्यांचे गट पाडून त्यांतला म्होरक्या खोटा ठरला तर त्याच्यामागचे सगळे न तपासता खोटे मानता येतील अशी सोय करण्यात आली.

याच संस्थेच्या व्हेरिॲब्स या साधनाने २०१९ साली प्रोग्राम पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ‘रीचसेफ्टी’ गटात, म्हणजे प्रोग्राम दोषाच्या स्थितीपर्यंत पोहोचू शकतो का या प्रश्नाच्या गटात, पहिला क्रमांक मिळवला आणि २०२० साली तो टिकवला. या स्पर्धेच्या गुणदानात नसलेला दोष दाखवणाऱ्या साधनाचे १६ गुण कापले जातात, असलेला दोष नाकारून प्रोग्राम निर्दोष ठरवणाऱ्याचे ३२, आणि ‘सांगता येत नाही’ असे म्हणणाऱ्याला शून्य मिळते.