उघडें रान कोणाचें?

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर कासचें पठार आहे. वर्षांतील बरेच महिने तेथें जांभा दगड आणि वाळलेलें गवत ह्यांखेरीज पाहण्यासारखें फारसें नसतें. परंतु भाद्रपद लागला कीं त्याच कातळावर तेरडा, सोनकी, गेंद, सीतेचीं आसवें अशीं फुलें दाटून येतात, आणि पुण्या-मुंबईकडील मोटारींची घाटांत रीघ लागते. जुलै २०१२ मध्यें युनेस्कोनें पश्चिम घाटांतील ३९ स्थळें जागतिक वारसा म्हणून मान्य केलीं, त्यांत कासची गणना झाली. तेव्हांपासून हें पठार साऱ्या जगाचें झालें, असें म्हणण्याची रीत पडली आहे. कास, एकीव, आटाळी, कुसुंबी ह्या शेजारच्या गांवांना मात्र त्याची ओळख पिढ्यान् पिढ्या निराळीच होती. तें त्यांच्या गुरांचें रान होतें.

उघडी जागा म्हणजे कोणाचीच नसलेली जागा, असा शहरांतील सुशिक्षितांचा समज असतो. जुन्या गांवगाड्यांत तसा प्रकार नव्हता. गायरानांत गांवचीं गुरें चरत. कुरणांतील गवत कापणीपर्यंत राखलें जाई. देवराईंतील काटकीही देवाची, म्हणून तिला कुऱ्हाड लागत नसे. ह्या जागांना भिंत नव्हती; पण कोणीं, केव्हां आणि कशासाठीं आंत यावें हें सर्वांस ठाऊक असे. ह्या व्यवस्थेंत सर्वांस सारखा न्याय मिळे असें मात्र कोणीं समजूं नये. गांवांत ज्याचें पाणीही वेगळें, त्याचा गायरानांतील वांटाही बेताचाच असे.

हें सारें बदललें तें १८७८ च्या जंगल कायद्यानें. सरकारनें रान राखीव ठरविण्याचें जाहीर केलें, म्हणजे चौकशीसाठीं एक अधिकारी नेमला जाई आणि ज्याचा कांहीं हक्क असेल त्यानें तो मुदतींत मांडावा असें फर्मान निघे. ज्यानें मांडला नाहीं त्याचा हक्क बुडाला. डोंगरांतील निरक्षर गुराख्यानें आजापासून चालत आलेली वहिवाट कागदावर मांडावी तरी कशी? गांवांसाठीं निराळें ग्रामवन राखण्याची तरतूद त्याच कायद्यांत होती, पण ती बहुतांशीं पुस्तकांतच राहिली. जोतीराव फुले ह्यांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें. त्यांनीं १८८३ मध्यें लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथांत, डोंगर आणि पडीक रानें जंगलखात्याच्या घशांत गेल्यामुळें गरिबाच्या शेळीलाही जागा उरली नाहीं, ही तक्रार कडक शब्दांत केली आहे.

गंमत अशी, कीं त्याच १८७८ सालीं त्याच राज्यकर्त्यांच्या पार्लमेंटनें स्वदेशांत अगदीं उलट स्वरूपाचा कायदा केला. लंडनजवळील एपिंगचें रान जमीनदार वई घालून बळकावीत होते. कायद्यानें तें रान लोकांच्या विहारासाठीं कायमचें मोकळें राखलें आणि त्याची देखरेख लंडनच्या महापालिकेकडे दिली. शेजारच्या रहिवाशांचा गुरें चारण्याचा हक्कही टिकविला. लाउटन गांवचे लोक हिंवाळ्यांत सरपणासाठीं फांद्या तोडीत. तो हक्क मात्र झाडांसाठीं काढून घेतला, पण फुकट नव्हे. मोबदल्याच्या रकमेंतून १८८४ मध्यें गांवासाठीं एक सभागृह उभें राहिलें आणि त्याचें नांवच फांद्यातोडीवरून पडलें. १८८२ सालीं व्हिक्टोरिया राणीनें तें रान समारंभानें प्रजेस अर्पण केलें. मुंबई इलाख्यांतील प्रजेच्या वाट्यास असा समारंभ आला नाहीं.

इकडे त्याचें फळ १९३० मध्यें दिसलें. वारणेच्या खोऱ्यांतील बिळाशी हें गांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें. त्या जिल्ह्याचा दक्षिण भाग १९४९ मध्यें वेगळा झाला आणि १९६० पासून त्यास सांगली जिल्हा म्हणूं लागले. बिळाशी आतां त्यांत येतें. जंगल सत्याग्रहांत तेथील लोकांनीं सरकारी रानांतील साग तोडून त्यावर तिरंगा उभारला. झेंडा उतरविण्यास पोलीस आले, लोक हटेनात, आणि सप्टेंबर महिन्यांत झालेल्या गोळीबारांत माणसें बळी पडलीं. झेंडा स्वराज्याचा होता. पण काठी म्हणून सागच निवडला गेला, ह्याचा अर्थ डोंगरी माणसास समजावून सांगावा लागत नाहीं.

स्वराज्य आलें, तरी शेजाऱ्याचा प्रश्न उरलाच. सांगली जिल्ह्यांत देवराष्ट्रें गांवाजवळ सागरेश्वराचा डोंगर आहे. एके काळीं तो अगदीं बोडका होता. मोहित्यांचें वडगांव येथील धों. म. मोहिते ह्यांच्या पुढाकारानें तेथें झाडें लावलीं गेलीं, बाहेरून आणून हरणें सोडलीं गेलीं, आणि १९८५ मध्यें सुमारें ११ चौरस किलोमीटरांचें हें मानवनिर्मित रान अभयारण्य ठरलें. श्रावणी सोमवारीं पायथ्याच्या प्राचीन देवळांत भाविकांची दाटी होते, तिला कोणाची हरकत नाहीं. तक्रार आहे ती हरणांबद्दल. कुंपण जेथें ढासळतें तेथून कळप बाहेर पडतात आणि उभ्या पिकांत शिरतात. हरणास हात लावण्याची कायद्यानें बंदी आहे. शेतकऱ्याच्या हातीं उरतात ते पंचनामा, अर्ज आणि भरपाईची वाट पाहणें. पाहुणा रान पाहून सायंकाळीं घरीं जातो. रानाची रात्र शेजाऱ्यास काढावी लागते.

कासला हाच पेंच उलट बाजूनें पडला. गर्दीच्या पायांखालीं फुलें तुडवलीं जाऊं लागलीं, तेव्हां पठारास लोखंडी जाळी घातली गेली आणि चराई थांबली. पाहुणे तिकीट काढून आंत जात, म्हशी मात्र बाहेर. त्याच वेळीं गांवांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे बरेंचसें काम आलें, ही जमेची बाजू होय. शुल्क घेणें, गाड्या लांब उभ्या करविणें, दिवसास ३,००० माणसांची मर्यादा पाळणें, वाट दाखविणें हीं कामें आसपासचींच तरुण मुलें-मुली करूं लागलीं.

पुढें कांहीं वर्षांनीं गांवकरी सांगूं लागले कीं, गुरें नाहींत म्हणून गवत माजलें आणि खालचीं इवलीं फुलें गुदमरलीं. कांहीं वनस्पतिशास्त्रज्ञांसही ह्यांत तथ्य वाटलें. माळरानावरील बारीक वनस्पतींना ऊन लागतें. गुरांच्या दातांनीं उंच गवत खालीं राहतें. त्यांचें शेण आणि खूर ह्यांचाही त्या मातीशीं जुना संबंध आहे. अखेर जाळी काढण्यांत आली. गुरें किती सोडावीं, कोणत्या महिन्यांत, फुलांच्या हंगामांत सोडावीं कीं नाहीं, हा वाद मात्र मिटलेला नाहीं. त्याचा निकाल सातारच्या कचेरींत एका बैठकींत लागण्यासारखा नाहीं. दर वर्षीचा पाऊस आणि गवत पाहून, ज्यांनीं तेथें गुरें राखलीं आहेत त्यांना बरोबर घेऊनच तो लावावा लागेल.