ग्रहदर्शनासाठी दुर्बीण : पुण्याच्या एका वेधशाळेचा धडा

आकाशाचा विषय निघाला की सभेतून एक प्रश्न हमखास येतो : "ग्रह पाहायला दुर्बीण कोणती घ्यावी?" दुकानदार ह्याचे उत्तर इंचांत आणि रुपयांत देईल. इतिहासाचे उत्तर थोडे निराळे आहे; आणि ते ऐकण्यासाठी कोल्हापूरकरांनी पुण्यापर्यंत गेले तरी पुरे.

भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांनी देणगी दिली, मुंबई सरकारने तिला जोड दिली, आणि १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात एक वेधशाळा उभी राहिली. तिचे चालक होते प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला. तेथील मुख्य साधन म्हणजे डब्लिनच्या ग्रब ह्यांच्या कारखान्याची २० इंची आरशाची दुर्बीण. त्या काळी एवढी मोठी दुर्बीण हिंदुस्थानात दुसरी नव्हती.

परंतु नायगामवालांचा विषय ग्रह नव्हता, वर्णपट होता. ताऱ्याचा प्रकाश आधीच क्षीण. तो लोलकातून पसरला म्हणजे आणखी क्षीण होतो. त्या कामाला मोठा आरसाच हवा. २० इंची आरसा ३ इंची भिंगाच्या सुमारे ४४ पट प्रकाश गोळा करतो.

ग्रहांची गोष्ट वेगळी. गुरू-शुक्रांना उजेडाची वाण नाही. वाण आहे ती स्थिर, रेखीव प्रतिमेची. मंगळ अगदी जवळ आला तरी त्याचे बिंब २५ विकलांचे, म्हणजे चंद्रबिंबाच्या सुमारे सत्तराव्या भागाएवढे. २० इंची दुर्बीण हिशेबाने पाव विकलेचा तपशील दाखवील. पण आपल्या डोक्यावरची हवा बहुतेक रात्री एका विकलेच्या आतले सारे पुसून टाकते. मोठ्या आरशाचे बळ तेथे वाया जाते.

म्हणून घरगुती ग्रहदर्शनाला ४ ते ६ इंची दुर्बीण उत्तम. ३ इंचीतही शनीचे कडे आणि गुरूचे पट्टे दिसतात. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चंद्र पाहिले ते वीसपट मोठे दाखविणाऱ्या साध्या नळीतून! भिंगाची दुर्बीण निगेला सोपी, पण मोठी घेऊ म्हटले तर महाग. आरशाची स्वस्त, पण आरसे वरचेवर जुळवावे लागतात. खोक्यावर छापलेल्या "४०० पट" ह्या आकड्याला भुलू नये. दर इंचास फार तर ५० पट, त्यापुढे प्रतिमा नुसती फुगते. तिवई डळमळीत असेल तर सर्वच व्यर्थ. दिवसभर तापलेल्या पत्र्यावरून पाहू नये. मोकळे मैदान गाठावे, दुर्बीण थोडी निवू द्यावी, आणि पावसाळा सरल्यावर ग्रह डोक्यावर येण्याची वाट पाहावी.

आता पुन्हा पुण्याकडे वळू. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगामवालांनी जेऊर येथे तळ ठोकून वेध घेतले. काम मोठे होते. परंतु वेधशाळा एका माणसाच्या आधारावर उभी होती. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, आणि ती मोठी दुर्बीण कोडईकनालला रवाना झाली. महाराष्ट्राने मिळविलेले साधन महाराष्ट्रातून गेले. पुढे १९४४ साली त्याच पुण्यात काही हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापिली. तिच्यामागे ना महाराज होते, ना २० इंची आरसा. ती आजही चालू आहे, कारण तेथे एकाने दुसऱ्याला पाहायला शिकविले.

तेव्हा आपल्या करवीर नगरीतील एखाद्या शाळेला कोणी दुर्बीण देऊ करील, तर दात्याला माझी एकच विनंती आहे. सर्वांत मोठी देऊ नका. दोन मुले उचलून मैदानात नेतील, स्वतः जुळवतील आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना शिकवतील, एवढी द्या. कपाटात कुलूपबंद राहिलेल्या मोठ्या दुर्बिणीतून शनी कोणालाच दिसत नाही.