तिसऱ्या चढाईचे मोल

परतूरपासून मुंबईपर्यंत जुनी पिढी ज्याला हुतूतू म्हणे, त्या खेळाची तीन रूपे होती : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. अमरमध्ये त्याला मैदान सोडावेच लागत नसे. आजच्या कबड्डीने संजीवनी स्वीकारली. प्रतिस्पर्ध्याचा एक गडी बाद झाला, की आपला एक जिवंत होतो. पुराणात शुक्राचार्यांची ही विद्या एकाच पक्षाकडे होती. मैदानावर ती दोघांनाही लाभली आणि पारडे हलते राहिले.

तरीही एक कोंडी उरली. आघाडीवरचा संघ निदान रेषा ओलांडून रिकाम्या हाताने परतत वेळ काढू शके. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगच्या नियमाने त्याला पायबंद घातला : सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर चढाईपटू बाद.

यामुळे संयमाची कला लोपली का? तसे दिसत नाही. संघ आता दोन चढाया जाणीवपूर्वक कोऱ्या सोडतात आणि तिसरीसाठी नेमका गडी राखून ठेवतात; बचावफळीही त्याच क्षणाची वाट पाहते. नियमाने संयम मोडला नाही, त्याला फक्त मुदत घालून दिली.