रांगेतल्या तीन पिढ्या

मार्च २००९ मधली गोष्ट. नागपुरात ऊन तापायला लागले होते. भाच्याबरोबर मी रोजगार मेळाव्याला गेलो होतो. तो आदल्याच वर्षी इंजिनिअर झाला. कॉलेजातच निवड झाली, पत्रही हाती पडले. पण सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बुडाली, जगभर मंदी पसरली आणि रुजू होण्याची तारीख पुढे पुढे जाऊ लागली. शेवटी तो म्हणाला, ‘‘मामा, मेळाव्याला सोबत येता का?’’

मैदानाच्या फाटकापासून रांग थेट रस्त्यावर आली होती. मुलींनी तोंडाला दुपट्टे बांधलेले, मुलांनी डोक्यावर फायली धरलेल्या. चार तासांनी मंडपात शिरलो. टेबलांवर पुठ्ठ्याची खोकी होती. त्यांत बायोडाटा टाकायचा आणि ‘कळवू’ एवढे ऐकून पुढच्या टेबलाकडे सरकायचे. जागा किती, पगार किती, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

तिथे मला वडिलांची रांग आठवली. ते एम्प्रेस मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागले होते. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणी त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू करणारी ही गिरणी. पण या सोयींपर्यंत पोहोचायचे तर आधी फाटकाच्या आत जायला हवे. वडील भोंग्याआधी फाटकाशी उभे राहत. कोणी गैरहजर असला तर दिवसाचे काम मिळे, नाही तर डबा घेऊन घरी परत. मात्र आज काम आहे की नाही, हे त्यांना तिथल्या तिथे कळत असे.

माझी रांग निराळी. १९७५ मध्ये मी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतणाऱ्या सैनिकांना काम मिळवून देण्यासाठी १९४५ मध्ये ही यंत्रणा उभी राहिली. १९४८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि १९५६ मध्ये तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. पुढे १९५९ चा कायदा झाला. सरकारी कार्यालयांनी, तसेच पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवाव्यात, असे त्यात म्हटले होते. मेख अशी, की कळवणे सक्तीचे होते. तिथल्याच उमेदवाराला घेणे सक्तीचे नव्हते. तरीही सरकारी नोकरीसाठी त्या कार्डाला मोल होते. कॉलची वाट पाहत आम्ही कार्डाचे नूतनीकरण न चुकता करत असू. मला कॉल आला तो चौथ्या वर्षी. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केवळ एक्स्चेंजमधून नावे मागवणे पुरेसे नाही, जाहिरातही द्यायला हवी. निकाल न्याय्यच होता. पण त्यानंतर कार्डाचा भाव उतरला.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आहे. फाटक गेले, कार्ड गेले, मेळावा आला.

जुने ते सारे चांगले, असे मी म्हणणार नाही. गिरणीच्या फाटकाशी जॉबरची मर्जी सांभाळावी लागे. एक्स्चेंजच्या फायलींत अर्ज वर्षानुवर्षे पडून राहत. पण त्या कार्यालयात निदान एक वही होती. जागा किती आल्या, किती जण लागले, याची नोंद तिच्यात व्हायची. मेळाव्याची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते, तीत गर्दीचा आकडा असतो. सहा महिन्यांनी त्यातले किती जण कामावर आहेत, हे कोणी विचारत नाही.

भाच्याने त्या दिवशी बायोडाटाच्या चौदा प्रती दिल्या. एकीचेही उत्तर आले नाही. पुढे वर्षभराने एका ओळखीतून तो नोकरीला लागला. मेळावे आजही भरतात, भरावेतही. मात्र फाटकावर एक फलक असावा: जागा इतक्या, पगार इतका, गेल्या वेळी लागले इतके. म्हणजे उन्हात उभे राहायचे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)