बिंदूंना नाव देताना

१८४९-५० मध्ये शंभर मैलांहून अधिक अंतरावरून सर्वेक्षकांनी एका हिमशिखराचे कोन मोजले. नोंदवहीत ते केवळ ‘शिखर पंधरा’ होते. राधानाथ सिकदार यांची आकडेमोड हाती असूनही महासर्वेक्षक वॉ यांनी २९,००२ फूट ही उंची १८५६ पर्यंत जाहीर केली नाही. वक्रीभवनाचा हिशेब पुनःपुन्हा तपासला गेला. ‘एव्हरेस्ट’ हे नाव अधिकृत झाले ते १८६५ मध्ये.

आज लायडार क्षणात लाखो बिंदू टिपते. पण बिंदू मुका असतो. संगणकापुढे बसलेला माणूस ठरवतो, ही जमीन (प्रचलित संकेतात वर्ग २), ही इमारत (वर्ग ६). पूल चुकून जमिनीत गणला गेला, तर उंचीच्या नकाशात नदीला बांध पडतो आणि पूररेषा भलत्याच वस्तीतून जाते. वरून पाहता सारे यथास्थित भासते. तपासनिसाने बिंदूंचा मेघ फिरवून आडवा छेद घेतला, तरच पुलाखालची पोकळी दिसते.

मोजणीला निधी चटकन मिळतो. या छेदासाठी आठवडा मागणाऱ्यास मात्र फाइलवर आधी विलंबाचे कारण लिहावे लागते, हे मी पाहिले आहे.