बायबलमधील नावे : शमुवेल – उच्चार आणि अर्थ

शमुवेल हे जुन्या करारातील एका थोर संदेष्ट्याचे नाव आहे. आपल्या कुटुंबांत ते शमुवेल, शमुएल, सामुएल आणि सॅम्युएल अशा निरनिराळ्या रूपांत आढळते. सीवूड्ससारख्या नव्या वसाहतीत वसई, गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडू, अहिल्यानगर अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे एकाच वेदीभोवती जमतात. त्यामुळे बाळासाठी हे नाव निश्चित झाले की त्याचा खरा उच्चार कोणता, असा प्रश्न घरातच उभा राहतो. आजीचा उच्चार गावंढळ आणि इंग्रजी शाळेतला उच्चार शुद्ध, असाही समज काही ठिकाणी दिसतो. हा समज कितपत खरा आहे, ते येथे पाहू.

संदेष्टा शमुवेल

एलकाना व हन्ना यांचा हा पुत्र. हन्नाला मूल नव्हते. शिलो येथील मंदिरात तिने अश्रू ढाळीत प्रार्थना केली आणि पुत्र झाल्यास तो परमेश्वराला वाहीन, असा नवस केला. मूल दूध सोडण्याएवढे झाल्यावर तिने ते एली याजकाच्या स्वाधीन केले. पुढे एका रात्री परमेश्वराने त्या मुलाला नावाने हाक मारली. तीन वेळा तो एलीकडे धावत गेला. चौथ्या हाकेला मात्र त्याने परमेश्वरालाच उत्तर दिले. शमुवेल हा इस्राएलचा शेवटचा शास्ता मानला जातो. शौल आणि दावीद या दोघांनाही राजपदाचा अभिषेक त्यानेच केला.

मूळ उच्चार

हिब्रूमध्ये हे नाव ‘शेमूएल’ असे आहे. आरंभी ‘श’ आहे, ‘स’ नाही. त्या ‘श’ला जोडलेला स्वर अगदी निसटता असतो, आजच्या इस्राएलमध्ये तो जवळजवळ लोपला असून ‘श्मुएल’ असेच ऐकू येते. ‘मू’ आणि ‘एल’ यांच्यामध्ये किंचित थांबावे लागते आणि आघात शेवटच्या ‘एल’वर येतो.

मराठी बायबलमधील ‘शमुवेल’ या रूपात हा ‘श’ सुरक्षित राहिला आहे. मधला ‘व’ मात्र मुळातला नव्हे. ‘उ’नंतर लगेच ‘ए’ आला की आपल्या जिभेवर सहजच ‘व’ उमटतो. तोच येथे लेखनात उतरला. मराठी बायबलने शौल, शलमोन, शिमोन, शमशोन या नावांतही मूळचा ‘श’ जपला आहे. म्हणजे आजीच्या तोंडी असलेला ‘शमुवेल’ हा उच्चार सॅम्युएलपेक्षा हिब्रूला अधिक जवळचा आहे.

‘स’ कोठून आला?

ख्रिस्तपूर्व काळात जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर झाले. ग्रीक भाषेत ‘श’ हा ध्वनी नाही. त्यामुळे शेमूएलचा ‘सामूएल’ झाला, तसाच शलोमोचा ‘सोलोमोन’ झाला. लॅटिन भाषेने हेच रूप स्वीकारले, लॅटिनमधून ते पोर्तुगीजांत गेले आणि गोव्यात व उत्तर कोकणात ‘सामुएल’ रूढ झाले. इंग्रजांनी त्याचा ‘सॅम्युएल’ केला. केरळमध्ये तर दोन्ही परंपरा नांदतात : जुन्या मल्याळम बायबलमध्ये ‘शमूवेल’, तर कॅथलिक भाषांतरात ‘सामुवल’. तमिळ भाषिक ‘सामुवेल’ म्हणतात. ‘स’ असलेले रूप ही चूक नव्हे. ज्या भाषांतून ख्रिस्तसभेने शतकानुशतके उपासना केली, त्या भाषांची ती खूण आहे.

कोकणातला समाजी

हे नाव महाराष्ट्रात केवळ मिशनऱ्यांनी आणले असे नाही. कोकणातील मराठी भाषिक ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, बायबलमधील नावांना मराठी वळण देऊन ती वापरीत. सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांना मराठीत ‘समाजी हसाजी दिवेकर’ म्हणत. शमुवेलचा समाजी आणि यहेज्केलचा हसाजी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील या अधिकाऱ्याने १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सभास्थान उभारले. ते ज्या रस्त्यावर आहे तो सॅम्युएल स्ट्रीट आपल्याच हार्बर मार्गावरील मशीद स्थानकाजवळ आहे. बेने इस्राएल आपल्या सभास्थानाला ‘मशीद’ म्हणत. त्यावरूनच त्या परिसराला हे नाव पडले, असे मानले जाते.

अर्थाविषयी मते

नावाच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

१) ‘देवाजवळ मागितलेला’ : हन्नाने आपण मूल परमेश्वराजवळ मागितले म्हणून हे नाव ठेवले, असे १ शमुवेल १:२० सांगते. परंतु ‘मागणे’ या अर्थाचा हिब्रू धातू ‘शाअल’ असून त्यापासून सरळ ‘शौल’ हे नाव बनते. म्हणून ही व्युत्पत्ती नसून ध्वनिसाम्यावर आधारलेला शब्दविलास आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. मध्ययुगीन ज्यू भाष्यकार दावीद किम्ही यांनी मात्र ‘देवापासून मागितलेला’ या शब्दांचा हा संक्षेप असल्याचे सुचविले.

२) ‘देवाने ऐकले’ : प्रसंगाला हा अर्थ शोभतो, पण ‘ऐकणे’ या धातूतील ‘अयिन’ हे अक्षर शमुवेल या नावात नाही. ते इश्माएल या नावात आहे.

३) ‘देवाचे नाव’ किंवा ‘त्याचे नाव देव’ : ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव. भाषेच्या दृष्टीने ही फोड सर्वांत सरळ असल्याने ती अधिक मान्य आहे. हाच ‘एल’ पनवेलच्या ज्यू सभास्थानाच्या ‘बेथ एल’, म्हणजे देवाचे घर, या नावातही आहे.

व्युत्पत्ती काहीही ठरो, हन्नाच्या प्रार्थनेचे मोल त्यामुळे कमी होत नाही. या नावात आपले मागणे आणि परमेश्वराचे देणे तिने कायम स्मरणात ठेवले.

पालकांसाठी

१९८३ च्या धर्मसंहितेतील नियम ८५५ नुसार बाळाचे नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे, एवढीच अपेक्षा आहे. अमुकच उच्चार असावा, असे बंधन नाही. तेव्हा शमुवेल, सामुएल किंवा सॅम्युएल यांपैकी कोणतेही रूप निःशंकपणे निवडावे. मात्र जन्म दाखल्यावरील नाव आणि बाप्तिस्मा नोंदवहीतील नाव अक्षरशः सारखे असावे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट इत्यादी कामांत जन्म दाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरतो. दोन ठिकाणी दोन रूपे असल्यास विवाहाच्या वेळी कागदपत्रे जुळविताना कुटुंबाची धावपळ होते. घरी हाक मारण्याचे नाव वेगळे असल्यास काहीच बिघडत नाही.

वाचकांनी मराठी मिस्सामध्ये पुस्तकात छापल्याप्रमाणे ‘शमुवेल’ असेच वाचावे. परमेश्वराने त्याला हाक मारल्याचा उतारा ब वर्षात, सामान्य काळातील दुसऱ्या रविवारी पहिले वाचन म्हणून येतो. रोमन हुतात्मासूचीनुसार संदेष्टा शमुवेल याचे स्मरण २० ऑगस्टला केले जाते. हे नाव धारण करणाऱ्या मुलांच्या पालकांनी त्या दिवशी १ शमुवेल, अध्याय १ ते ३ मुलांसह वाचावेत.